फरार माणूस मैदानावर उभा होता

अन्याय झाला तो आमच्या फुटबॉलच्या कोचवर. कधी झाला तेही सांगते: सन दोन हजार, फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, सकाळी सव्वासात. त्या वेळी तो शारजाच्या औद्योगिक क्षेत्रामागच्या वाळूच्या मैदानावर गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता आणि त्याच सकाळच्या इंग्रजी पेपरात त्याचा फोटो छापून आला होता. खाली लिहिलं होतं की हा इसम कामावरून पळून गेला आहे, त्याचा ठावठिकाणा कंपनीला माहीत नाही, त्याच्याशी कोणी संबंध ठेवल्यास तो स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावा.

ठावठिकाणा कंपनीला माहीत होता. मैदान कंपनीचं होतं. कुंपणाच्या पत्र्यावर कंपनीचं नाव माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

त्याला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी लिहून द्यावं की हा पळाला नव्हता, इथेच होता, आम्ही पाहिला. आजही त्याला तेवढंच हवंय. म्हणून हा लेख.

यात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. निम्मी माणसं अजून तिथे व्हिसावर आहेत आणि मला कोणाची रोजीरोटी घालवायची नाही. कोचचं नाव न लिहिण्याचं कारण वेगळं आहे. ते एकदा फोटोसकट छापून झालंय. त्याला तेवढं पुरे.

आम्ही शारजातल्या अल नहदात राहायचो, दुबईच्या हद्दीला खेटून उभ्या असलेल्या एका टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. बाबा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत टाइमकीपर होते. साइटवर कोण आलं, कोण नाही, याचा मस्टर ठेवायचं काम. हजर असेल त्याच्या रकान्यात पी, नसेल त्याच्या रकान्यात ए. कंपनीत माणसं इतकी की बाबांना चेहरे आठवत नसत, नंबर आठवत. जेवताना आईने एखाद्याची चौकशी केली की ते म्हणायचे, "कोण तो? हां, चारशे बारा. रजेवर गेलाय."

कंपनीच्या मालकाच्या मुलाला दोन वर्षं फुटबॉलचं वेड लागलं होतं. स्टाफच्या पोरांचा संघ काढायचा, मोठ्या क्लबांना पोरं पुरवायची, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. त्याने कोच आणला. पण कंपनीच्या लायसन्सवर फुटबॉल कोच हा हुद्दाच बसत नव्हता, म्हणून कोचचा व्हिसा निघाला साइट सुपरवायझरचा. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. तिकडे कितीतरी लोकांचा व्हिसा एका कामाचा असतो आणि काम दुसरंच. बाबा रोज साइटच्या मस्टरवर त्याच्या नावापुढे पी लिहायचे आणि तो रोज मैदानावर असायचा. पासपोर्ट सगळ्यांचेच असायचे तसा त्याचाही कंपनीच्या तिजोरीत.

तो मेक्सिकोचा. तिथल्या डोंगरातल्या, चांदीच्या खाणींच्या एका गावातला. बाप खाणीत. गावाचं मैदान इतकं उतरतं की एक हाफ चढावर खेळायचा आणि एक उतारावर. पाणी प्यायला थांबलो की तो हे सगळं सांगायचा, मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये साइटवरच्या लोकांकडून उचललेलं हिंदी घालून. "मैं छोटा, बहुत छोटा," तो म्हणायचा, "लेकिन हेडर मेरा." उंची खरंच कमी होती. उडी मात्र अशी की आम्हाला वाटायचं तो हवेत क्षणभर थांबतो. सतराव्या वर्षी शहरातल्या क्लबमध्ये गेला, आधी दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, मग पहिल्या. स्ट्रायकर म्हणून त्याने बरीच वर्षं गोल केले. एकदा राष्ट्रीय संघाच्या शिबिरालाही बोलावलं होतं, पण मॅच मिळाली नाही. मग गुडघा गेला. तिशीत खेळ संपला आणि तो दुसऱ्यांच्या हाताखाली सहायक कोच झाला. सहायक कोच म्हणजे काय, हेही त्यानेच सांगितलं: सकाळी प्लास्टिकचे कोन मांडायचे, दुपारी उचलायचे.

एका ब्राझिलियन कोचने त्याला सहायक म्हणून अमिरातीत आणलं. तो ब्राझिलियन पाच मॅचनंतर गेला. तिकडे कोच बदलतात तसे आपण एसीचा फिल्टरही बदलत नाही. याला घरी जाता आलं असतं. गेला नाही, कारण आमच्या या फुटकळ संघात तो आयुष्यात पहिल्यांदा मुख्य कोच होता. "घर जाएगा, फिर कोन उठाएगा," तो म्हणाला होता. अठरा पोरांचा संघ, वाळूचं मैदान, एक गोलपोस्ट वाकडा. त्याला ते चालत होतं.

मी नववीत होते आणि गोलकीपर होते. मुलांपैकी कोणालाच गोलात उभं राहायचं नव्हतं म्हणून मला घेतलं. बाबांनी चाळीस दिरहमचे ग्लोव्हज आणले आणि दुकानातच म्हणाले, "म्हणजे पावणेपाचशे रुपये. आता बॉल सोडलास तर बघ." कोचने मला जे शिकवलं ते मी अजून वापरते, फुटबॉलमध्ये नाही, सभांमध्ये. स्ट्रायकर पायाने खोटं बोलतो, डोळ्यांनी खोटं बोलतो, कंबरेने त्याला खोटं बोलता येत नाही. समोरच्याची कंबर कुठे वळलीय ते बघ.

आता हजेरीबद्दल.

सरावाआधी तो आम्हाला रांगेत उभं करायचा आणि हजेरी घ्यायचा. कागद नसायचा, सगळं पाठ. पहिलं नाव स्वतःचं. ते तो पुकारायचा आणि ओ आम्ही द्यायची, सगळ्यांनी मिळून. मग आमची नावं एकेक. शेवटी एक नाव यायचं ते आमच्यात कोणाचंच नव्हतं. त्यालाही आम्ही सगळ्यांनी ओ द्यायची. मी म्हणायचे हजर, माझा मल्याळी दोस्त म्हणायचा हाजर, गॅरेजवाल्या पठाणाचा पोरगा म्हणायचा हाजिर, बाकीचे प्रेझेंट.

ते नाव त्याच्या जोडीदाराचं होतं. त्याच्याच गावचा, डाव्या बाजूने खेळणारा. सहा वर्षं तो डावीकडून बॉल उंच टाकायचा आणि हा डोकं लावायचा. एकदा याला रेड कार्ड मिळालं, म्हणून पुढच्या मॅचला हा संघाच्या बसमध्ये नव्हता. घाटात बस दरीत गेली. बाकीचे जखमी झाले, मेला तो एकटा. त्यांच्याकडे मेलेल्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारतात आणि जमलेली माणसं त्याच्या वतीने ओ देतात. ओ आली तर तो अजून मोजणीत आहे. कोच हे सगळं अगदी साधेपणाने सांगायचा, बुटाची नाडी कशी बांधायची ते सांगावं तसं. आम्हालाही ते विचित्र वाटलं नाही. मुलांना कशाचीही सवय होते.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी धुकं पडलं. शारजात हिवाळ्यात पडतं तसं, पांढरं, जाड, कुंपण दिसेनासं करणारं. कोचला ते आवडलं. त्याने आम्हाला मैदानभर आपापल्या जागी पाठवलं. आज डोळ्यांनी नाही, कानांनी खेळायचं, म्हणाला. कोण कुठे आहे ते आवाजावरून ओळखायचं. मी गोलात उभी होते आणि मला माझ्या पुढची चार पावलं वाळू दिसत होती, बस. तो मैदानाच्या मधोमध उभा राहून नावं पुकारत होता आणि धुक्यातून एकेक ओ येत होती. उजवीकडून, लांबून, अगदी माझ्यासमोरून. बाजूच्या वर्कशॉपमध्ये शुक्रवारची सुट्टी असूनही कोणीतरी पत्रा कापत होतं, तोही आवाज मध्येच थांबला.

मग शेवटचं नाव आलं. रांगेत असताना आम्ही एकमेकांकडे बघून एकदम ओ द्यायचो. त्या दिवशी कोणालाच कोणी दिसत नव्हतं. प्रत्येक जण दुसरा सुरुवात करेल म्हणून थांबला. आणि ओ आली. एकच. कोचच्या डावीकडून, कॉर्नरच्या झेंड्याजवळून. मोठ्या पुरुषाचा आवाज. हजर नाही, हाजिर नाही, प्रेझेंट नाही. त्याच्या भाषेतला शब्द, जो आमच्यापैकी कोणी कधी वापरत नसे.

आमचा डाव्या बाजूचा खेळाडू त्या दिवशी आलाच नव्हता. त्याला कांजिण्या झाल्या होत्या.

मग कोचचा आवाज आला, "कौन बोला?" त्याच्या बुटांचा वाळूतला आवाज माझ्या उजव्या हाताला गेला, म्हणजे त्याच्या डावीकडे, कॉर्नरकडे, आणि तिथे थांबला. किती वेळ ते सांगता येत नाही. परत आला तेव्हा हातात बॉल होता. "यल्ला, रनिंग," म्हणाला. तेवढंच.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कुंपणापलीकडून जाणारा एखादा मजूर असेल. कोणी चेष्टा केली असेल. कोण होता ते मला आजही माहीत नाही आणि मी ते शोधायला बसलेली नाही. मला ज्याची भीती वाटते ते पुढेच आहे.

घरी येऊन मी आईला सांगितलं. चूक माझी. आई मालवणकडची. तिकडे हाकामारी असते: संध्याकाळी, आडवेळी बाहेरून कोणीतरी तुमच्या नावाने हाक मारतं आणि तुम्ही ओ दिलीत की संपलं. ती एकदाच हाक मारते. म्हणून शहाण्या माणसाने तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. आईने शारजात बारा वर्षं काढली, मायक्रोवेव्ह घेतला, लायसन्स काढलं, पण हा नियम आमच्या घरात पाळला जायचा. बाबांनी बाथरूममधून टॉवेल मागितला तरी तिसऱ्या हाकेला मिळायचा.

"रोज?" आई म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या नावाला तू रोज ओ देतेस?"

"मम्मा, इट्स जस्ट अटेंडन्स."

"आणि आज दुसऱ्याच कोणी दिली."

बाबा हसले. "आता त्याचाही मस्टर ठेवायला लागणार मला. नंबर काय देऊ?"

आई हसली नाही. तिने फोन फिरवायला सुरुवात केली. गुरुवारी संध्याकाळी सात घरांची माणसं आमच्या हॉलमध्ये बसली होती, बहुतेक मराठी, पुण्या-मुंबईची, शिकलेली, दोघं तर इंजिनियर. हाकामारी हा शब्द कोणी काढला नाही. सगळे मुलांच्या मनावर होणाऱ्या परिणामाबद्दल बोलले. बाबांचं इंग्रजी चांगलं, म्हणून पत्र त्यांनी लिहायचं ठरलं. सरावाआधी मृत व्यक्तीचं नाव पुकारण्याची प्रथा बंद करावी, एवढंच. मी दारात उभी राहून ऐकत होते.

बाबा म्हणाले, "शेवटी एक वाक्य घालूया, की कोच म्हणून माणूस उत्तम आहे, आमची बाकी काही तक्रार नाही."

एक काका म्हणाले, "ते कशाला? लेटर उगीच लांबतं. मॅनेजमेंट पहिल्या चार ओळीच वाचतं."

ते वाक्य काढलं. सात सह्या झाल्या. मग पोहे आले.

पुढे काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. गेल्या उन्हाळ्यात बाबा सुट्टीवर पुण्याला आले तेव्हा मी त्यांना समोर बसवून विचारलं. मी आता इथे शिकते आणि परदेशी गेलेल्या कामगारांसाठी पत्रकं लिहून वाटते. दुसऱ्यांच्या बापांबद्दल लिहिताना स्वतःच्या बापाला विचारायचं राहून गेलं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

झालं ते असं. मालकाच्या मुलाचा फुटबॉलचा नाद तोवर संपला होता आणि मॅनेजरला ते मैदान परांचीचं सामान ठेवायला हवं होतं. कोचला रीतसर काढायचं तर नोटीस द्यावी लागते, तिकीट द्यावं लागतं, कारण द्यावं लागतं. आमच्या पत्राने कारण दिलं. बाकीचं मॅनेजरने बाबांकडून घेतलं. त्याने बाबांना केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, हा साइट सुपरवायझर आहे ना? बाबा हो म्हणाले. या आठवड्यात साइटवर आला? मॅनेजर म्हणाला, "जो सच है वही लिखो. मैं झूठ लिखने को बोल रहा हूँ क्या?"

बाबांनी सात दिवस त्याच्या रकान्यात ए लिहिलं. सात ए झाले की माणूस फरार, अशी कंपनीची पद्धत. मग फोटो, मग पेपर.

"मी खोटं काही लिहिलं नाही," बाबा मला म्हणाले.

बरोबर आहे. दोन वर्षं पी लिहिलं ते खोटं होतं आणि तो माणूस हजर होता. सात दिवस ए लिहिलं ते खरं होतं आणि तो माणूस तरीही हजर होता.

त्या शुक्रवारी आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा थोडं धुकं होतंच. कोच कोन मांडून तयार होता. त्याने पेपर पाहिला नसावा. पालक नेहमीप्रमाणे कडेच्या कॅफेटेरियातून चहाचे कागदी कप घेऊन गाड्यांना टेकून उभे होते. आम्ही रांगेत उभं राहत होतो. मग पेपर एका गाडीच्या बॉनेटवरून दुसऱ्या बॉनेटवर गेला. कोणी मोठ्याने काही बोललं नाही. मला एवढंच दिसलं की माणसं कप खाली ठेवतायत.

कोचने पहिलं नाव पुकारलं. स्वतःचं.

आम्ही ओ देणार तेवढ्यात मागून कोणाची तरी आई म्हणाली, "गप्प. या इकडे. गाडीत बसा." आवाज चढलेला नव्हता, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा होता. अठरा पोरं गप्प राहिली. त्याने पुन्हा नाव पुकारलं. आम्ही वळलो आणि चालायला लागलो. मी पण. मल्याळी दोस्त माझ्या शेजारून चालत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

गाडीत पुढच्या सीटवर आई होती. बाबांनी काचा वर केल्या, एसी लावला. बाहेर कोचने हजेरी थांबवली नव्हती. तो एकेक नाव घेत होता, प्रत्येक नावानंतर थांबत होता, जितका वेळ ओ यायला लागतो तितका, आणि मग पुढचं. समोर वाळू होती, कोन होते, आणि कोणी नव्हतं. आवाज ऐकू येत नव्हता, पण क्रम मला पाठ होता, त्यामुळे त्याचे ओठ माझ्या नावाशी कधी आले ते मला कळलं. तो थांबला. मग पुढे गेला.

बाबांनी गाडी रिव्हर्स घेतली. आरशात बघितलं नाही, मान वळवून घेतली.

त्यानंतरचे नऊ-दहा दिवस मी विसरू शकत नाही. तो गेला नव्हता. त्याच्या खोलीचं कुलूप कंपनीने बदललं होतं, पासपोर्ट त्यांच्याकडे होता, जाणार कुठे? तो अल नहदातच फिरत होता, आणि त्याला कोणी बघत नव्हतं. म्हणजे डोळे उघडे असायचे. फरार माणसाला थारा दिला तर दंड, कदाचित तुरुंग, आणि व्हिसा गेला की सगळंच खलास. भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण ती भीती माणसाला काय करायला लावते ते मी पाहिलं. आमच्या खालच्या ग्रोसरीत तो पाव घ्यायला उभा होता, आणि दुकानदाराने पाव काउंटरवर असा ठेवला जसा कोणी रात्री दुकान आवरताना ठेवतो. सुटे पैसे ठेवले, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या मला विचारलं, "हाँ बेबी, क्या चाहिए?" तो आमच्या दोघांच्या मध्ये होता. एकदा मी लिफ्टमधून उतरले तर तो समोरच. मी काही बोलणार तर वॉचमन त्याच्या आरपार माझ्याकडे बघत म्हणाला, "ऊपर जाओ, नीचे कोई नहीं है."

मी काय केलं सांगू? मी त्याच्या पायांकडे बघितलं. पावलं उलटी आहेत का ते. सरळ होती. त्याच बुटांची, उजव्याची शिवण उसवलेली. सावलीही पडली होती. मग मीही वर गेले.

मंगळवारी दुपारी मी शाळेतून येऊन जेवत होते. बाबा ऑफिसात. बेल वाजली नाही. दाराबाहेरून माझं नाव ऐकू आलं.

आई ताट पुसत होती, ती तशीच थांबली. मी खुर्चीवरून उठले तर तिने येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला साबणाचा वास. तिने दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. एक.

पुन्हा माझं नाव. आईने दुसरं बोट वर केलं.

मी वाट बघत होते. मला खात्री होती, तो तिसऱ्यांदा हाक मारेल, आई हात काढेल, कारण नियम तिचाच होता आणि तिसऱ्या हाकेला येणारा माणूसच असतो. तिसरी हाक आली. आईने तिसरं बोट वर केलं नाही. तोंडावरचा हात घट्ट झाला.

"मॅडम," तो दारापलीकडून म्हणाला. "एक कागज. साहब लिखे, मैं ग्राउंड पे था. बस. और कुछ नहीं."

आई रडत होती, आवाज न करता. दार उघडलं नाही. मी नंतर पीपहोलमधून बघितलं तेव्हा कॉरिडॉर रिकामा होता. लिफ्टचा आवाज आला नव्हता. नऊ मजले तो जिन्याने उतरला असावा.

मग तो स्वतः पोलिसांकडे गेला. फरार माणूस स्वतःच्या पायांनी चौकीत आला, हे तिथे कोणाला पटलं नसेल. काही आठवडे कोठडी, मग विमान, पासपोर्टवर शिक्का, प्रवेशबंदी. हे आम्हाला गॅरेजवाल्या पठाणाकडून कळलं. तो एकटाच कोठडीत डबा घेऊन गेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "उस्ताद है बच्चे का. उस में क्या?" उन्हाळ्यापर्यंत मैदानावर परांच्या रचल्या गेल्या होत्या.

चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर बाबांच्या नावे पत्र आलं आणि त्याची प्रत माझ्याकडे पोचली. शेजारच्या एका आखाती देशात एका क्लबने त्याला लहान मुलांच्या संघाचा मुख्य कोच नेमलंय. व्हिसा नाकारला, कारण तो अमिरातीतला फरार आहे. त्याने अपील केलंय. त्या आठवड्यात तो कामाच्या जागी, म्हणजे मैदानावर होता, हे पाहिलेल्या माणसांनी लेखी द्यावं, असं त्याच्या वकिलाने सांगितलंय. सुनावणी ईदनंतर आहे. तो सेहेचाळिसाचा आहे, गावी एका शाळेत कोन मांडतो. ही संधी गेली तर दुसरी नाही, असं त्याने लिहिलंय, आणि खाली लिहिलंय की मला कोणावर राग नाही. हे वाक्य वाचून मला सर्वांत जास्त राग आला.

मी बाबांना फोन केला.

"पुढच्या वर्षी कायमचा परत येतोय," ते म्हणाले. "मग लिहितो."

"सुनावणी ईदनंतर आहे, बाबा."

"तोवर होईल काहीतरी. इन्शाल्ला."

"मस्टर तुमच्या हातचा आहे."

"तुला पुण्यात बसून बोलायला काय जातं? भिंतींवर पत्रकं लावतेस ना, लाव अजून एक." मग आईचा आवाज आला. तिने फोन घेतला होता.

"मराठीत लिहिलेलं चालेल का गं?" तिने विचारलं.

तिचा कागद कुरियरने आला. दोन पानं, सुवाच्य अक्षर. शुक्रवारी सकाळी हा मनुष्य मैदानावर मुलांची हजेरी घेताना मी डोळ्यांनी पाहिला. मंगळवारी दुपारी तो आमच्या दारात आला, तीन हाका मारल्या, मी घरात असून दार उघडलं नाही. खाली सही. मी त्याचं भाषांतर करून घेतलंय, माझाही कागद जोडलाय. पठाण काकांनी अंगठा दिलाय. एकूण तीन. वकील म्हणतो, तीन कमी आहेत.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही सात घरं होतात. आमचं सोडा, बाबांचं मी बघून घेते. उरलेली सहा. दोन घरं कोथरूडला आहेत, एक डोंबिवलीला, एक ठाण्याला, दोन अजून शारजात. तुमची मुलं आता मतदार आहेत. त्यांनीही तो पाहिला होता, आणि त्यांची सही तुमच्याइतकीच चालते. कोरा कागद घ्या. लिहा की सन दोन हजारच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी हा माणूस शारजातल्या मैदानावर आपलं काम करत होता आणि मी तिथे होतो. तुम्ही काय केलंत ते लिहायचं नसेल तर लिहू नका, तो काय करत होता तेवढं लिहा. सही करा, पासपोर्टची प्रत जोडा. शारजातल्यांनी कुरियर करा. बाकी चार घरी मी येत्या रविवारी स्वतः येतेय. कागद तयार ठेवा आणि दार उघडा.